उतरत उतरत पाहायची चित्रं

न्यूयॉर्कमधलं एक कलासंग्रहालय पुरतं बांधूनही झालं नव्हतं, तोच २१ कलावंतांनी त्याविरुद्ध निषेधाचं पत्र काढलं. साल १९५६. सह्या करणाऱ्यांत विलेम डी कूनिंग, फ्रान्झ क्लाइन, रॉबर्ट मदरवेल असे त्या काळचे बिनीचे चित्रकार होते. त्यांची तक्रार रास्तच होती. भिंती गोलाकार आणि मागे कललेल्या, जमीन उतरती. अशा ठिकाणी सरळ चौकटीतलं चित्र लावायचं कसं आणि ते नीट दिसायचं कसं? हे संग्रहालय म्हणजे फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचं गुगेनहाइम आणि त्याचा वास्तुकार फ्रँक लॉइड राइट.

या इमारतीमागे एका बाईचा ध्यास होता. हिला रिबाय ही जर्मन चित्रकार खाणउद्योगपती सॉलोमन गुगेनहाइम यांची सल्लागार होती. चित्रात झाड, माणूस, टेबल असं काहीही ओळखीचं नसावं, फक्त रंग आणि आकार असावेत आणि त्यांतूनच माणसाचं मन उन्नत व्हावं, अशी तिची श्रद्धा होती. तिच्या आग्रहामुळे गुगेनहाइम यांनी कँडिन्स्कीची चित्रं मोठ्या संख्येनं जमवली. १९३९ मध्ये तिनं मॅनहॅटनमध्येच एका भाड्याच्या जागेत हा संग्रह मांडला. भिंतींवर राखाडी कापडाच्या चुण्या, चित्रं जमिनीलगत टांगलेली आणि पार्श्वभूमीला बाखचं संगीत! जून १९४३ मध्ये तिनं राइटला पत्र लिहिलं. तिला नुसती चित्रं टांगायची जागा नको होती, या चित्रांचं देऊळ हवं होतं.

राइट तेव्हा पंचाहत्तरीला आला होता. तिथून इमारत उभी राहीपर्यंत सोळा वर्षं गेली. महायुद्ध, वाढत्या किमती, नगरपालिकेचे बांधकाम नियम, १९४९ मध्ये खुद्द गुगेनहाइम यांचा मृत्यू, १९५२ मध्ये रिबायचं संचालकपद जाणं, अशी एकामागून एक विघ्नं आली. राइटनं शेकडो रेखाटनं केली आणि पुन्हा पुन्हा नकाशे बदलले. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी संग्रहालय खुलं झालं. राइट त्याच वर्षी एप्रिलमध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी वारला होता.

बाहेरून पाहिलं तर आजूबाजूच्या काटकोनी इमारतींमध्ये ही खाली निमुळती आणि वर रुंद होत गेलेली वास्तू एखाद्या भोवऱ्यासारखी उभी दिसते. तिच्या बाहेरच्या भिंती लाकडी साच्यावर दाबानं काँक्रीट फवारून घडवल्या. काँक्रीटला ऊन-थंडीत प्रसरण-आकुंचनासाठी जे सांधे ठेवतात ते इथे ठेवलेले नव्हते. साहजिकच भेगा पडत राहिल्या. २००५ ते २००८ या काळात रंगाचे जुने थर खरवडून, भेगांचा अभ्यास करून मोठी डागडुजी करावी लागली.

खरी गंमत आत आहे. दारातून आत शिरलं की एकदम उंच पोकळी लागते. वर काचेचा घुमट आणि पोकळीभोवती वळसे घेत खाली येणारा सुमारे पाव मैलाचा एकच उतार. एरवी संग्रहालयात दालनामागून दालन असतं, आणि परत फिरताना तीच दालनं पुन्हा ओलांडावी लागतात. राइटला हे नको होतं. प्रेक्षकानं लिफ्टनं थेट वर जावं आणि चित्रं पाहत सावकाश उतरत यावं, अशी त्याची कल्पना होती. चित्रंही ईझलवर ठेवल्यासारखी किंचित मागे रेलून असावीत आणि त्यांच्यावर वरून दिवसाचा उजेड पडावा, असं त्याच्या मनात होतं. नवे संचालक जेम्स जॉन्सन स्वीनी यांनी मात्र भिंती पांढऱ्या रंगवल्या, कृत्रिम प्रकाश आणला आणि चित्रं भिंतीपासून पुढे आलेल्या धातूच्या दांड्यांवर सरळ टांगली.

या वादात मी राइटच्या बाजूचा आहे, पण चित्रकारांची अडचण मान्य करूनच. उतारावर उभं राहिलं की सरळ लावलेली चौकटही तिरपी भासते. कठडा जवळ असल्यामुळे मोठ्या कॅनव्हासपासून हवं तितकं मागे सरता येत नाही आणि छतही ठेंगणं आहे. आणि तरीही या उतारावर एक गोष्ट घडते, ती मला सरळ भिंतींच्या संग्रहालयात सापडलेली नाही. जवळून पाहिलेलं चित्र दोन वळसे खाली उतरून समोरच्या कठड्यापलीकडे पाहिलं की दुरून पुन्हा भेटतं. आता तपशील गळून गेलेले असतात, रंगांची मांडणी तेवढी उरलेली असते. चित्रकाराची अनेक वर्षं एका नजरेत, एकावर एक मजल्यांत रचलेली दिसतात.

पुढे कलावंतांनी या पोकळीलाच साहित्य मानलं, तेव्हा भांडणाचा सूरही बदलला. १९७१ मध्ये फ्रेंच कलावंत दानिएल ब्यूरेननं मधल्या पोकळीत पट्ट्यापट्ट्यांचं प्रचंड कापड सोडलं. त्यामुळे आपली कामं झाकली जातात अशी त्याच प्रदर्शनात सहभागी असलेल्या इतर काही कलावंतांनी तक्रार केली आणि प्रदर्शन खुलं होण्याआधीच ते कापड उतरवावं लागलं. २०११ मध्ये मॉरित्सिओ कातेलाननं जवळजवळ सगळं आयुष्यभराचं काम घुमटाखाली टांगलं. २०१३ मध्ये जेम्स टरेलनं ती पोकळी नुसत्या रंगीत उजेडानं भरून टाकली. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंटनं आपली चित्रं वळसेदार देवळात लागावीत असं स्वप्न पाहिलं होतं. २०१८ मध्ये तिची चित्रं या उतारावर लागली आणि सहा लाखांहून अधिक माणसांनी ती पाहिली.

मराठी वाचकाला या वास्तूशी नातं जोडणारं नाव आहे वासुदेव गायतोंडे यांचं. मूळ गोव्याचं कुटुंब, १९२४ मध्ये नागपुरात जन्म, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले तेव्हा गुगेनहाइम पाचच वर्षांचं होतं. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगांचे थर चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे. वर्षाला मोजकेच कॅनव्हास. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलं त्यांना पटत नसे, कारण दिसलेल्या वस्तूचं रूप गाळून ते चित्र काढतच नव्हते. नेमकी हीच रिबायची श्रद्धा. ऑक्टोबर २०१४ मध्ये गुगेनहाइमनं गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. ज्या विचारातून संग्रहालय जन्मलं, त्याच विचाराचा आपला माणूस तिथे पोचला, याचा मला फार अभिमान वाटतो. आपल्याकडे या प्रदर्शनाची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

न्यूयॉर्कला जाणार असाल तर आधी चौकशी करून जा, कारण प्रदर्शन बदलताना उताराचा बराच भाग बंद असतो. आत गेल्यावर लिफ्टनं वर जा आणि राइटला हवं होतं तसं खाली या. मात्र अलीकडे बरीच प्रदर्शनं खालून वर अशा क्रमानं मांडतात, तेव्हा आधी चढून पाहावं लागलं तरी चालेल. उतरताना कठड्याशी थांबून समोर पाहायला विसरू नका. १९९२ मध्ये मागे बांधलेल्या दहा मजली इमारतीत सरळ भिंतींची दालनं आहेत, तीही पाहा. संग्रहालयाच्या थानहाउझर संग्रहातलं पिकासोचं इस्त्री करणाऱ्या बाईचं चित्र तर चुकवूच नका. आणि न्यूयॉर्क जमणार नसेल, तर मुंबईत काळा घोड्याजवळची राष्ट्रीय आधुनिक कला दीर्घा गाठा. १९११ च्या सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या पोटात अर्धवर्तुळाकार मजले रचून ती १९९६ मध्ये उघडली. तिथेही घुमटापर्यंत चढत जाऊन चित्रं पाहता येतात.