टंचाईतील निर्यातबंदी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जीवनावश्यक वस्तूंची टंचाई निर्माण झाली की निर्यात रोखण्याच्या सरकारी अधिकाराबद्दल दोन टोकाची मते मांडली जातात. आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा मात्र दोहोंच्या मध्ये उभा आहे.

गैरसमज: जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशाला निर्यातबंदी करताच येत नाही.
वस्तुस्थिती: संघटनेच्या नियमांचा भाग असलेला गॅट, म्हणजे जकाती व व्यापारविषयक सर्वसाधारण करार (1947), याचे अकरावे कलम बंदी, कोटा यांसारख्या संख्यात्मक निर्बंधांना मनाई करते, परंतु अन्नपदार्थांची वा देशाला अत्यावश्यक असलेल्या अन्य वस्तूंची गंभीर टंचाई टाळण्यासाठी किंवा निवारण्यासाठी तात्पुरते घातलेले निर्यातनिर्बंध तेच कलम या मनाईतून वगळते.

गैरसमज: सरकारने ‘टंचाई’ म्हटले की बंदी वैध ठरते.
वस्तुस्थिती: चीनने काही खनिज कच्च्या मालावर घातलेल्या निर्यातनिर्बंधांविरुद्ध अमेरिका, युरोपीय संघ आणि मेक्सिको यांनी दाद मागितली, तेव्हा 2012 मध्ये संघटनेच्या अपील मंडळाने टंचाई निर्णायक स्वरूपाची आणि उपाय मर्यादित मुदतीचा असला पाहिजे, असा अर्थ लावला; वर्षानुवर्षे चालू असलेला बॉक्साइटचा कोटा या कसोटीला उतरला नाही.

गैरसमज: निर्यातशुल्क, किमान निर्यात मूल्य आणि बंदी कायद्याच्या दृष्टीने सारखीच.
वस्तुस्थिती: 2023 मध्ये भारताने कांद्यावर ऑगस्टात 40 टक्के शुल्क, ऑक्टोबरात टनामागे 800 डॉलरचे किमान निर्यात मूल्य आणि डिसेंबरात बंदी असे तीन उपाय योजले, आणि तिन्हींचा दाब लासलगावच्या कांदा बाजारातील लिलावाच्या भावावरच येतो, तथापि शुल्क अकराव्या कलमाच्या मनाईबाहेर आहे, तर ठरलेल्या किमतीखाली माल परदेशी जाऊ न देणारी अट जपानच्या सेमीकंडक्टर प्रकरणात 1988 मध्येच निर्बंध ठरली होती.

गैरसमज: नुकसान झालेला शेतकरी संघटनेकडे दाद मागू शकतो.
वस्तुस्थिती: तेथे केवळ सदस्य सरकारेच परस्परांविरुद्ध तक्रार करू शकतात. अकरावे कलम टंचाईग्रस्त देशाची गरज पाहते आणि संघटनेच्याच कृषी कराराचे बारावे कलम आयातदार देशाच्या अन्नसुरक्षेची दखल घ्यायला सांगते. पिकवणाऱ्याच्या भावाची हमी यांपैकी कोणतेही कलम देत नाही.

31 मार्च 2024 पर्यंत जाहीर झालेली कांदाबंदी प्रत्यक्षात 4 मे रोजी उठली. ‘तात्पुरते’ या शब्दाला उत्पादकाच्या दृष्टीने अर्थ यायचा असेल, तर बंदी केव्हा लागू होईल आणि केव्हा उठेल याचे निकष देशाच्या स्वतःच्या कायद्यातच आधी लिहिलेले असले पाहिजेत.