हृदय समकालनातील प्रतिमादर्शन
हृदय समकालनातील प्रतिमादर्शन : हृदयनिष्फलता झालेल्या काही रुग्णांत हृदयाच्या निरनिराळ्या भागांची आकुंचने एकाच वेळी होत नाहीत. पेसमेकर या नावाने परिचित असलेल्या उपकरणाच्या साहाय्याने ती पुन्हा एककालिक करण्याच्या उपचारास हृदय समकालन चिकित्सा म्हणतात. या उपचारात डाव्या निलयाची विद्युत् तार नेमकी कोठे टेकवावी, हे ठरविण्यासाठी हृदयाच्या प्रतिमांचा उपयोग करतात.

निरोगी हृदयात विद्युत् आवेग हिस जुडग्यातून उजव्या व डाव्या शाखांत शिरतो आणि सु. ०·१ सेकंदाच्या आत दोन्ही निलयांत पसरतो. डाव्या शाखेत रोध उत्पन्न झाल्यास आवेगाला स्नायुतंतूंमधूनच मंद गतीने वाट काढावी लागते. मग दोन निलयांमधील पडदा आधी आकुंचन पावतो व समोरची पार्श्वभित्ती बरीच मागाहून. पडद्याने ढकललेले रक्त अजून शिथिल असलेल्या भित्तीकडे सरकते, भित्ती आकुंचन पावू लागते तेव्हा पडदा सैल पडलेला असतो. महारोहिणीत जावयाच्या रक्ताचा काही भाग अशा रीतीने निलयातच हेलकावत राहतो. आधीच दुबळ्या झालेल्या हृदयास हा अपव्यय परवडत नाही. विद्युत् हृल्लेखात हा दोष क्यूआरएस तरंगाच्या वाढलेल्या रुंदीवरून ओळखता येतो.

स्टॉकहोम येथे १९५८ मध्ये बसविलेला पहिला अंतःस्थापित पेसमेकर मंद ठोक्यांसाठी होता. निष्फल हृदयाच्या समकालनासाठी चारही कप्प्यांना आवेग देण्याचा प्रयोग फ्रान्समधील सर्झ काझो व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. डाव्या निलयापर्यंत छाती न उघडता नीलांमार्गे तार नेण्याची पद्धत झां-क्लोद दोबेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वर्णिली आणि उपचाराचा प्रसार शक्य झाला. ‘केअर-एचएफ’ या ८१३ रुग्णांच्या यूरोपीय परीक्षणात (२००५) सरासरी २९ महिन्यांत केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ३०% रुग्ण मृत्यू पावले, तर समकालन मिळालेल्यांपैकी २०%. तथापि उपकरण बसविलेल्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश रुग्णांना अपेक्षित लाभ होत नाही. याची कारणे अनेक असली, तरी तार अयोग्य जागी असणे हे त्यांतील टाळता येण्याजोगे कारण होय.

तारेची जागा शल्यकर्मीला मुक्तपणे निवडता येत नाही. हृदयस्नायूतील अशुद्ध रक्त गोळा करून उजव्या अलिंदात सोडणाऱ्या परिहृद् कोटरातून तार मागे नेऊन त्याच्या एखाद्या उपनीलेत बसवावी लागते, आणि नीलांची मांडणी प्रत्येक हृदयात वेगळी असते. योग्य भित्तीवर नीलाच नसते किंवा असलेली फार अरुंद अथवा वळणदार असते. कधी तार उत्तम जागी बसते. पण तेथून जवळच जाणारी मध्यपटल तंत्रिका उद्दीपित होऊन रुग्णास प्रत्येक ठोक्याबरोबर उचकीसारखा झटका बसतो आणि जागा सोडावी लागते. तारेवर चार विद्युत् अग्रे असल्यास ती न हलविता अग्र बदलून ही अडचण बहुधा टाळता येते.

तारेखालचा स्नायू जिवंत हवा, आकुंचनात मागे पडलेला हवा आणि तेथवर नीला पोहोचत असावी. या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी प्रतिमा लागते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर मृत झालेल्या स्नायूच्या जागी तंतुमय वण राहतो व तो आवेग पुढे नेत नाही. त्यावर तार टेकविल्यास आवेग जागच्या जागी अडखळतो. गॅडोलिनियमयुक्त द्रव टोचून काढलेल्या चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमेत असा वण उजळ दिसतो. (मूत्रपिंडे फार क्षीण असल्यास हा द्रव जपून वापरावा लागतो.) कोणता भाग सर्वांत शेवटी आकुंचन पावतो, हे श्राव्यातीत ध्वनिप्रतिमेतील सूक्ष्म ठिपक्यांचा एका ठोक्यात मागोवा घेऊन मोजतात. नीलांचा नकाशा शस्त्रक्रियेपूर्वी संगणकीकृत क्ष-किरण छेददर्शनाने किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी नीलांत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव सोडून मिळतो. सामान्यतः पार्श्व किंवा पश्च-पार्श्व भित्ती पसंत केली जाते व निलयाचे टोक टाळले जाते. सरधोपट नियम म्हणून हे ठीक असले, तरी ज्याचा वण नेमका पार्श्वभित्तीतच आहे त्या रुग्णाला हा नियम घातक ठरतो.

ब्रिटनमधील २२० रुग्णांच्या ‘टार्गेट’ परीक्षणात (२०१२) ठिपक्यांच्या मागोव्याने तारेची जागा ठरविलेल्या गटात ७० टक्के रुग्णांचे निलय आकुंचनाच्या अखेरीस पुरेसे लहान झाले. नेहमीच्या पद्धतीच्या गटात हे प्रमाण ५५ टक्के होते. अशी परीक्षणे लहान असल्याने मृत्यूंविषयी त्यांवरून ठाम निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

प्रतिमा जागा दाखविते, पण उपचार कोणास द्यावा हे सांगण्यास ती तितकी विश्वसनीय नाही. ‘प्रॉस्पेक्ट’ अभ्यासात (२००८) असमकालिकतेचे कोणतेही एक ध्वनिप्रतिमा-मापन लाभाचे भाकीत समाधानकारक रीतीने करू शकले नाही. यापुढचा अनुभव अधिक कटू होता. क्यूआरएस तरंग अरुंद, पण ध्वनिप्रतिमेत असमकालिकता दिसणाऱ्या ८०९ रुग्णांवरील ‘एको-सीआरटी’ हे परीक्षण २०१३ मध्ये मध्येच थांबविण्यात आले. उपकरण कार्यान्वित असलेल्या गटात ११·१% व बंद ठेवलेल्या गटात ६·४% रुग्ण मृत्यू पावले होते. प्रतिमेत दिसलेला दोष नेहमीच विद्युत् दोष नसतो, आणि विद्युत् दोष नसता दिलेला विद्युत् उपचार अपाय करू शकतो. म्हणून रुग्णाची निवड मुख्यतः हृल्लेखावरून आणि तारेच्या जागेची निवड प्रतिमेवरून, अशी विभागणी अधिक सयुक्तिक दिसते.

वेनजोऊ (चीन) येथील हुआंग वेइजियान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तार निलयांमधील पडद्यात आतवर रुतवून डाव्या शाखेलाच थेट उद्दीपित करण्याची पद्धत वर्णिली. तीत नीलांच्या मांडणीचे बंधन राहत नाही. परंतु पडद्यात वण असल्यास तार आत शिरणे किंवा शाखा उद्दीपित होणे कठीण होते.