नवा कॅमेरा

नवी मुंबईत बेलापूरजवळ, पनवेल खाडीच्या काठी दिवाळे नावाचे कोळ्यांचे गाव आहे. गावाच्या पाठीमागे मोठमोठ्या इमारती, कचेऱ्या आणि रुंद रस्ते झाले आहेत. पण गावाच्या पुढे अजूनही धक्का आहे, होड्या आहेत आणि वाळत घातलेली जाळी आहेत. होडीच्या मालकाला कोळी लोक नाखवा म्हणतात. उर्दूतला नाखुदा हा शब्द तुम्हांला ठाऊक आहेच. नाखवा हे त्याचेच मराठी रूप. फारसीतून आलेला हा शब्द कोकणच्या किनाऱ्यावर असा घरचा होऊन बसला आहे.

२०१८ साली मी हप्त्यांवर एक डीएसएलआर कॅमेरा विकत घेतला. तो नवशिक्यांसाठी असलेला, त्यातल्या त्यात स्वस्त कॅमेरा होता. दुकानदार म्हणाला, "सर, वरची चकती ऑटोवर ठेवा आणि बटण दाबा. बाकीचे सगळे कॅमेरा बघून घेतो." मला ते खरे वाटले.

दिवाळे गावातील एका वयस्कर नाखव्यांकडून मी मासळी घेत असे. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. पावसाळ्यात बंद असलेली मासेमारी पुन्हा सुरू करण्यापूर्वी कोळी लोक या दिवशी समुद्राला नारळ अर्पण करतात. नारळाला सोनेरी कागद लावतात, वाजतगाजत मिरवणूक काढतात आणि मग तो पाण्यात सोडतात. माझ्या खांद्यावरचा कॅमेरा पाहून नाखवा म्हणाले, "मास्तर, यंदा नारळ माझ्या हातून सोडायचा आहे. पुढच्या वर्षीपासून होडी पोराच्या ताब्यात. घरात माझ्या बापाचा एक फोटो आहे. त्याच्या शेजारी माझाही लागला पाहिजे."

मी मोठ्या उत्साहाने होकार दिला.

त्या दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आले होते. बारीक पाऊस पडत होता. मिरवणूक धक्क्यावर आली. नाखव्यांनी नारळ कपाळाला लावला आणि हात वर उचलला. मी बटण दाबले. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश आपोआप वर आला आणि लखकन चमकला. मी लगेच पुन्हा बटण दाबले, पण कॅमेरा गप्प! तिसऱ्यांदा बटण दाबले तेव्हा फोटो निघाला. परंतु तोवर नारळ पाण्यात गेला होता आणि फोटोत केवळ पाण्यावरच्या लाटा आल्या. पहिल्या फोटोत माझ्यापुढे नाचणाऱ्या एका माणसाची पाठ चुन्यासारखी पांढरी दिसत होती. पावसाचे थेंब पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटले होते. त्यांच्यामागे काळोखात हात वर केलेली एक अंधूक आकृती होती.

मी नाखव्यांना तो फोटो दाखवला. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "नारळ काही परत यायचा नाही, मास्तर."

कॅमेरा बिघडलेला नव्हता. तो कसा काम करतो हेच मला ठाऊक नव्हते. त्या रात्रीपासून मी ते शिकू लागलो.

कॅमेरा म्हणजे मुळात एक काळोखी खोली. उर्दूत आपण खोलीला कमरा म्हणतो ना? कमरा आणि कॅमेरा हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दापासून निघाले आहेत. कमरा हा पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडले, तर बाहेरच्या दृश्याचे उलटे चित्र समोरच्या भिंतीवर पडते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल् हैसम या विद्वानाने याचा बारकाईने अभ्यास केला. प्रकाश डोळ्यांतून बाहेर जात नाही, तर तो वस्तूकडून डोळ्यांत येतो, हे त्याने आपल्या 'किताब अल् मनाझिर' या ग्रंथात मांडले. आजचा कोणताही कॅमेरा याच तत्त्वावर चालतो. छिद्राच्या जागी भिंग आले आणि भिंतीच्या जागी आधी फिल्म व नंतर सेन्सर आला, इतकेच. सेन्सर म्हणजे प्रकाशाची नोंद घेणारी छोटी चकती. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याच्या चित्रात फक्त १०,००० ठिपके असत आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. तेवढ्या वेळात दिवाळ्याचा नारळ खाडीच्या तळाशी गेला असता!

डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे तिरका आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश या आरशावर आपटून वर जातो आणि छोट्या खिडकीतून आपल्या डोळ्याला दिसतो. म्हणून भिंगाला जे दिसते, तेच आपल्यालाही दिसते. महाग कॅमेऱ्यांत खिडकीखाली काचेचा भरीव लोलक बसवतात. स्वस्त कॅमेऱ्यांत त्याऐवजी लहान आरसे जोडलेले असतात. त्यामुळे कॅमेरा हलका होतो, पण खिडकीतले दृश्य थोडे अंधूक दिसते. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. आरसा वर असेपर्यंत खिडकीत काळोख असतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. ही मोठी गमतीची गोष्ट आहे. फोटो काढणाऱ्याने तो क्षण येण्याआधीच ओळखायचा असतो.

पूर्वी असे कॅमेरे वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांकडेच दिसत. २००३ साली कॅनन कंपनीने ३००डी हा कॅमेरा एक हजार डॉलरपेक्षा कमी किमतीत आणला आणि हौशी माणसांच्या हाती डीएसएलआर येऊ लागला. २००६ साली निकॉनचा लहानसा डी४० आला. पुढे आपल्याकडेही लग्नाचे फोटो काढणारे तरुण, महाविद्यालयातील मुले आणि पक्षी पाहणारे लोक असे कॅमेरे घेऊ लागले.

पहिला डीएसएलआर घेतलेल्या माणसांशी बोला. त्यांच्या तक्रारी बहुधा सारख्याच असतात. पहिली तक्रार म्हणजे, "एवढे पैसे घातले, पण फोटो मोबाइलसारखेच येतात." कधी कधी तर मोबाइलचे फोटो अधिक चांगले वाटतात. याचे कारण असे, की मोबाइल एकाच वेळी अनेक फोटो घेऊन ते आतल्या आत जोडतो आणि सजवतो. डीएसएलआर सहसा तसे करत नाही. त्याचा सेन्सर मोबाइलच्या सेन्सरपेक्षा बराच मोठा असतो. त्यावर प्रकाश अधिक पडतो. परंतु तो प्रकाश किती वेळ आणि किती प्रमाणात घ्यायचा, हे माणसाने ठरवले तरच त्याचा खरा उपयोग होतो.

हे ठरवण्यासाठी तीन गोष्टी असतात. भिंगातले छिद्र किती मोठे ठेवायचे, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा आणि सेन्सरची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची शक्ती, म्हणजे आयएसओ, किती ठेवायची. धक्क्यावरच्या त्या संध्याकाळचाच हिशेब करून पाहू. स्वस्त कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरचे भिंग मिळते. ते पुढे ताणले की त्याचे छिद्र फार मोठे होऊ शकत नाही, एफ ५.६ ही त्याची मर्यादा. तशा अंधुक उजेडात आयएसओ १०० ठेवला, तर पडदा सेकंदाचा पंधरावा भाग उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात हलणारा हात फोटोत पुसट होतो. आयएसओ १६०० केला, तर सोळापट कमी वेळ पुरतो, म्हणजे सेकंदाचा सुमारे अडीचशेवा भाग. मग सुटलेला नारळही हवेत थांबल्यासारखा दिसतो. फोटोत थोडे दाणे दिसतात, पण दाणेदार फोटो पुसट फोटोपेक्षा केव्हाही बरा!

ऑटोवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने यांतले काहीच केले नाही. त्याने अंधार पाहिला आणि फ्लॅश लावला. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा उजेड अशा भिंगाबरोबर तीन-चार मीटरच पोहोचतो. त्यामुळे जवळच्या माणसाची पाठ उजळली आणि नाखवा अंधारात राहिले. एकदा चमकल्यावर फ्लॅशला पुन्हा वीज भरून घ्यावी लागते. तोवर कॅमेरा थांबतो. तो दुसऱ्या वेळी गप्प का बसला, ते मला असे कळले. फोटो रॉ म्हणजे कच्च्या स्वरूपात साठवला असता, तर संगणकावर अंधाराचा भाग थोडाफार उजळता आला असता. पण मी ती सोय निवडलीच नव्हती.

दुसरी तक्रार पक्ष्यांच्या बाबतीत असते. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत आणि नवी मुंबईच्या पाणथळ जागांवर हजारो रोहित पक्षी येतात. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. नवा कॅमेरा घेतला की पहिल्याच रविवारी माणूस तिकडे धावतो आणि घरी येऊन पाहतो, तर फोटोत नुसते गुलाबी ठिपके! याचाही हिशेब सोपा आहे. एक मीटर उंचीचा पक्षी शंभर मीटरवर उभा असेल, तर ५५ मिलिमीटरच्या भिंगाने त्याची सेन्सरवरची प्रतिमा जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच पडते. सेन्सरची उंची सुमारे १५ मिलिमीटर असते. म्हणजे पक्षी चित्राच्या उंचीचा पंचविसावा भागही व्यापत नाही. ३०० मिलिमीटरचे भिंग लावले, तर तोच पक्षी तीन मिलिमीटरचा होतो. मात्र असे भिंग हातात जरा हलले तरी चित्र बिघडते. आणि होडीत बसून फोटो काढायचा, तर होडी स्वस्थ राहत नाही.

वेगळे भिंग घेताना अनेकजण फसतात. निकॉनच्या डी४० मध्ये भिंग फिरवून फोकस करणारी मोटर नव्हती. ज्या जुन्या भिंगांत स्वतःची मोटर नव्हती, ती या कॅमेऱ्यावर बसत. पण फोकस हाताने करावा लागे. कोणा काकांनी प्रेमाने दिलेले जुने भिंग लावून पाहणाऱ्याला हे उशिरा कळायचे. स्वस्त कॅमेऱ्यात काहीतरी काढून टाकलेले असतेच. काय काढले आहे, ते विकत घेण्याआधी विचारावे.

खाडीकाठच्या माणसाला आणखी एक शत्रू असतो. तो म्हणजे दमट, खारी हवा. पावसाळाभर कॅमेरा कपाटात बंद ठेवला, तर भिंगाच्या आत बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काचेवर कायमचे डाग पाडू शकते. यासाठी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. काहीजण डब्यात तांदूळ ठेवतात; त्याने मात्र भुकटी आत जाते. धक्क्यावरून परत आल्यावर किंचित ओल्या फडक्याने कॅमेऱ्याचे अंग पुसून लगेच कोरडे करावे, म्हणजे मीठ राहत नाही. भिंग वाऱ्यात बदलू नये. सेन्सरवर धूळ बसली, की प्रत्येक फोटोच्या आकाशात त्याच त्या ठिकाणी काळा ठिपका दिसू लागतो.

आता कंपन्यांचे लक्ष आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळले आहे. २०१८ सालचा डी३५०० हा निकॉनच्या त्या स्वस्त मालिकेतला शेवटचा कॅमेरा. म्हणून जुने डीएसएलआर बाजारात कमी किमतीत मिळतात आणि शिकण्यासाठी ते उत्तम असतात, असे माझे मत आहे. जुना कॅमेरा घेताना त्याचा पडदा आतापर्यंत किती वेळा उघडला आहे, ते जरूर विचारावे. गाडी किती किलोमीटर चालली, हे आपण विचारतोच की!

२०१९ सालच्या नारळी पौर्णिमेला मी दुपारीच दिवाळे गावात गेलो. कोण कोठे उभे राहणार आणि नारळ कोणत्या बाजूला टाकणार, हे नाखव्यांना विचारून घेतले. त्यांनी मला पुढच्या बाजूला, होडीच्या नाळेशी उभे केले. "इथून तोंड दिसेल, मास्तर. मागे राहिलात तर पुन्हा पाठच मिळेल," असे ते हसून म्हणाले. मी फ्लॅश बंद केला. आयएसओ १६०० ठेवला. फोकसचा मधला बिंदू निवडला आणि एका सेकंदाला तीन फोटो निघतील अशी व्यवस्था केली. यंदा नारळ त्यांच्या मुलाच्या हातात होता. त्याने हात वर केला, तेव्हाच मी बटण दाबून धरले.

पाच फोटोंपैकी तीन वाया गेले. एकात नारळ हातातून नुकताच सुटला आहे, सोनेरी कागद चमकतो आहे आणि मुलाच्या मागे, हात जोडून, नाखवा उभे आहेत. फोटोत दाणे आहेत, पण चेहरे स्पष्ट आहेत.

तो फोटो मोठा करून मी त्यांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो वडिलांच्या फोटोशेजारी टांगला. मग मला म्हणाले, "मागच्या वर्षीचा तो काळा फोटो आहे ना तुमच्याकडे? तोही द्या."

"नाखवा, त्यात तर काहीच दिसत नाही," मी म्हणालो.

"वर उचललेला हात दिसतो ना? तो माझा आहे."