अक्षरांना कुलूप नको
अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या साप्ताहिकाची वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल आज उघडली, तर बातमीऐवजी बहुधा रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. जुने डीटीपी फॉन्ट रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी चित्रं बसवत. तो विकतचा फॉन्ट नसला की मजकूर वाचता येत नाही, शोधताही येत नाही. ग्राहक बांधून ठेवायची ही नामी सोय! युनिकोड या अक्षरांच्या सामायिक संकेतप्रणालीने 1991 मध्ये ‘क’ला 2325 हा जगभर एकच क्रमांक दिला. पण स्वतःचं संकेतस्थळ उभारणाऱ्याला फुकट आणि सुबक फॉन्टही हवा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने ‘मुक्त’ फॉन्ट खुल्या परवान्यावर दिला: वापरा, बदला, वाटा. अक्षरकाराची नीतिमत्ता मला वळणापेक्षा या परवान्यात अधिक दिसते. फॉन्ट सुटा विकायचा नाही, आणि बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते.