विद्युत् बास गिटारमधील गुंजन : कारणे आणि परीक्षा

विद्युत् बास गिटार अँप्लिफायरला जोडली असता पुष्कळदा तार छेडण्यापूर्वीच स्पीकरमधून एक अखंड, खर्जातला नाद ऐकू येऊ लागतो. ध्वनियंत्रणेवर काम करणारे त्यास ‘हमिंग’ म्हणतात. येथे ‘गुंजन’ हा शब्द योजला आहे. हा दोष सामान्यतः वाद्याच्या माथी मारला जातो. परंतु गुंजन हे एकाच कारणाचे कार्य नव्हे; निरनिराळी कारणे जवळजवळ सारखाच नाद उत्पन्न करतात आणि म्हणून केवळ कानावर विसंबून निदान करू पाहणारा फसतो. भाषेतील वर्ण निश्चित करताना आपण बाकीचे सारे स्थिर ठेवून एकच घटक पालटतो आणि भेद पडतो की नाही ते पाहतो. तीच पद्धत येथेही उपयोगी पडते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम या नादाची उंची पाहू. भारतात घरगुती वीज 230 व्होल्ट दाबाची व सेकंदाला 50 आवर्तनांची असते. गुंजनात ही 50 ची कंप्रता व तिच्या पटी, म्हणजे 100, 150 इत्यादी, आढळतात. चार तारांच्या बासच्या मोकळ्या तारांच्या कंप्रता अनुक्रमे सुमारे 41.2, 55, 73.4 व 98 असतात. सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यापाशी वाजणारा स्वर 49 कंपनांचा असतो. गुंजनाशी त्याचा संयोग झाला की सेकंदाला सुमारे एक या गतीने आवाज फुगतो व ओसरतो. साध्या गिटारचा सर्वांत खालचा स्वर 82.4 कंपनांचा असल्यामुळे तेथे 50 ची कंप्रता गाळून टाकली तरी फारसे बिघडत नाही. बासमध्ये तीच गाळणी वाद्याच्या स्वरांवरच घाला घालते. म्हणून येथे गाळणीचा आश्रय न करता मूळ शोधणे प्राप्त होते.

गिटारमधील पिकअप म्हणजे चुंबकांभोवती बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले वेटोळे होय. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात सूक्ष्म दाब उत्पन्न होतो. पण हे वेटोळे तारेचे कंपन व जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र यांत भेद करू शकत नाही. हा झाला चुंबकीय मार्ग. दुसरा मार्ग विद्युत् क्षेत्राचा. भिंतीतील वायरिंग व दिवे यांचे क्षेत्र उघड्या तारांवर आणि वादकाच्या शरीरावरही परिणाम करते, आणि शरीर हे जणू एक अँटेना बनून तो उपद्रव वाद्यापर्यंत पोहोचविते. गिटारच्या पोकळीस तांब्याचा पत्रा लावून तो अर्थिंगला जोडल्याने दुसरा मार्ग बऱ्याच अंशी बंद होतो. पहिला होत नाही.

पहिल्या मार्गावरील उपाय वेटोळ्यांच्या रचनेत आहे. फेंडर कंपनीच्या 1951 च्या प्रिसिजन बासमध्ये एकच वेटोळे होते. 1957 पासून त्याचे दोन तुकडे करण्यात आले. दोहोंचे वेढे व चुंबकध्रुव परस्परविरुद्ध असल्यामुळे तारांचा संदेश टिकतो, पण बाहेरून येणारे गुंजन एकमेकांस छेदून जाते. 1960 च्या जॅझ बासमध्ये दोन स्वतंत्र पिकअप अशाच विरुद्ध नात्याने बसविलेले आहेत. दोहोंचा आवाज सारखा ठेवल्यास गुंजन मावळते. एकाचा कमी केला की ते परत येते. हा बिघाड नव्हे, त्या रचनेचा धर्म आहे.

आता परीक्षेचा क्रम. वाद्य व केबल काढून नुसता अँप्लिफायर चालू करावा. गुंजन कायम राहिले, तर दोष अँप्लिफायरच्या अंतर्भागात आहे व तो जाणकाराकडे सोपवावा; व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमधील कपॅसिटर वीज बंद केल्यावरही घातक दाब धरून ठेवतात. गुंजन नसेल तर वाद्य जोडून त्यावरील आवाजाची सर्व बटणे शून्यावर आणावीत. बॅटरीविरहित बासमध्ये या स्थितीत पिकअपचा संदेश बाहेर पडत नाही. तरीही गुंजन असेल, तर केबल किंवा जॅकचा जोड संशयास्पद ठरतो. दुसरी केबल लावून पाहिल्यास दोहोंपैकी कोण ते कळते.

शून्यावर गुंजन थांबले व बटण वाढविताच सुरू झाले, तर वाद्य हातात धरून सावकाश फिरावे. दिशेबरोबर गुंजन कमीजास्त होत असेल, तर ते चुंबकीय मार्गाने येत आहे; ट्रान्सफॉर्मरपासून दूर सरणे हा पहिला उपाय. दिशेने फरक न पडता तारांना हात लावताच ते कमी होत असेल, तर विद्युत् क्षेत्र कारण आहे. तारा ज्या ब्रिजवर टेकतात तेथून एक तार जॅकच्या अर्थिंगकडे गेलेली असते; स्पर्शाने वादकाचे शरीर तीस जोडले जाते. म्हणजे ही तार शाबूत आहे, उणीव आहे ती आच्छादनाची. तारांच्या स्पर्शाने फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूस हात लावताच पडतो, असे दिसले तर ब्रिजची तार तुटली आहे असे समजावे. तारांवर नायलॉनचे वेष्टण असल्यास ब्रिजलाच स्पर्श करावा. खात्रीसाठी केबल काढून ब्रिज व जॅकचे बाहेरील टोक यांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. तो जवळजवळ शून्य ओहम असावयास हवा. स्पर्शाने गुंजन उलट वाढत असेल, तर जॅकवरील दोन तारांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव अधिक.

अँप्लिफायर एकटा असताना शांत, पण मिक्सर किंवा संगणक जोडताच गुंजन, अशीही स्थिती येते. दोन्ही उपकरणे निरनिराळ्या सॉकेटांतून अर्थिंगला जोडलेली असतात आणि संदेशाच्या केबलने त्यांचे वर्तुळ पुरे होते. त्या वर्तुळातून वाहणारा अल्प प्रवाह गुंजन बनतो. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत, अथवा मध्ये विलगकारी ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स ठेवून संदेशाच्या केबलपुरता अर्थिंगचा जोड तोडावा.

येथेच सर्वांत मोठा धोका आहे. प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकली तरी हेच वर्तुळ तुटते व शांतता लाभते. म्हणून हा उपाय अनेकांना मोहात पाडतो. परंतु ब्रिजच्या तारेमुळे वादकाचा हात अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेला असतो. अर्थिंग नसलेल्या सांगाड्यात पुढे केव्हा वीज उतरली, तर गिटारच्या तारा जिवंत होतात. अशा वेळी ओठ किंवा दुसरा हात अर्थिंग असलेल्या मायक्रोफोनला लागला की प्रवाह छातीतून जातो. उलट, अर्थिंग नसलेला मायक्रोफोनही तितकाच घातक. ‘स्टोन द क्रोज’ या संघाचा गिटारवादक लेस हार्वे 1972 साली वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर अशाच अर्थिंगविरहित मायक्रोफोनला स्पर्श होऊन मृत्यू पावला. ओठांना किंचित झिणझिणी आली तरी वादन थांबवावे. जुन्या इमारतीत सॉकेटला तिसरे भोक असूनही त्यामागे अर्थिंग नसण्याचा संभव असतो. ते वायरमनकडून तपासून घ्यावे व 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा.

ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकास हा विषय परका नाही. पुरुषी आवाजाची मूळ कंप्रता पुष्कळदा 100 च्या आसपास असते, आणि गुंजनाची दुसरी पटही तीच. ‘ब’च्या उच्चारात ओठ मिटलेले असताना स्वरतंतूंचा मंद नाद चालू असतो, ‘प’मध्ये तेथे शांतता असते. ध्वनिमुद्रणात गुंजन शिरले की आलेखावर ती शांतता भरून जाते आणि अघोष वर्ण घोष भासू लागतो. मुद्रणापूर्वी वक्त्याशिवाय काही सेकंदांची नोंद घेऊन तीत 50 व 100 या कंप्रता तपासाव्यात. त्या आढळल्या तर वरील क्रमानेच, एका वेळी एकच जोड पालटून, मूळ शोधावे. आणि हा शोध कितीही लांबला तरी तिसऱ्या पिनेला हात लावू नये.