नळीतला बाप

आमच्या टाकीतल्या बाळंतपणाचं सामान प्लंबिंगच्या दुकानातून आलं. सव्वा इंची पीव्हीसी पाइपचे वीतभर लांबीचे तीन तुकडे, दोन्ही तोंडं उघडी. "गळती कुठे आहे?" दुकानदाराने विचारलं. माशांसाठी हवेत म्हटल्यावर त्याने कापायचे पैसे घेतले नाहीत.

व्हिपटेल हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा मासा, आपल्याकडे 'सकर' म्हणून विकतात त्याच कुळातला. खवल्यांऐवजी अंगावर हाडांच्या चकत्या, डोकं चपटं, मागे निमुळतं होत गेलेलं शरीर आणि शेपटीच्या टोकाला चाबकासारखा तंतू. तळाला पडून राहिला की वाळकी काटकी वाटते. माझ्याकडची जात लाल, नंबर 'एल १०ए'. नाव नसलेले इतके सकर युरोपात येऊ लागले, की १९८८ साली 'डाट्स' या जर्मन मासिकाने त्यांना असे नंबर द्यायला सुरुवात केली. हा लाल रंग टाक्यांमध्येच घडला असं बहुतेक जाणकार मानतात.

नर ओळखायला सोपा. वयात आला की गालांवर केसांसारखे दाट राठ काटे येतात, चार दिवस दाढी न केल्यासारखे. आमचा नर वरच्या दोन नळ्या सोडून कोपऱ्यातल्या नळीत मुक्कामाला गेला. जूनचा पहिला पाऊस झाला, मी टाकीत थोडं गार पाणी भरलं, आणि तिसऱ्या दिवशी टॉर्च मारला तर नळीच्या तळाला हिरवट अंड्यांचा थर चिकटलेला. साठेक असतील. त्यांच्यावर बाप पसरलेला. मादी बाहेर निवांत दोडका खात होती.

पुढचे नऊ दिवस तो जवळजवळ हलला नाही. परांनी वारा घालायचा, तोंडाने अंडी पुसायची, एवढंच काम. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "अगं, हाच बाळंतीण झालाय की!" या कुळात बापांचीच कामं फार. फार्लोवेलाचा नर उघड्या काचेवरची अंडी राखतो, लोरिकारियाचा नर तर अंड्यांचा घोस ओठाला धरून हिंडतो. अंड्यांत काळे डोळे दिसू लागले की समजायचं, आता फार दिवस नाहीत. या काळात नळी उचलून बघायचा मोह आवरावा. बाप बिथरला तर अंडी बाहेर लोटतो, कधी खातोही.

पिल्लं बाहेर आली की बापाचं काम संपतं आणि आपलं सुरू होतं. मी नापास झाले ते इथेच. पहिल्या खेपेला पिल्लं वेगळ्या, लख्ख धुतलेल्या टाकीत ठेवली. पोटाखालचा बलक तीनेक दिवस पुरला. मग सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाऊ. आठवड्यात निम्मी गेली, आणि मी रोगावरचं औषध शोधत बसले. ती भुकेने मरत होती. दुसऱ्या खेपेला शहाणपण केलं आणि रात्रभर पुरेल एवढा पालक उकडून टाकला. सकाळी पाणी दुधाळ, पिल्लं काचेवर वर सरकून श्वासासाठी धडपडणारी. बारा वाचली.

म्हणजे अन्न सतत समोर हवं आणि ते सडताही कामा नये. सगळी मेहनत या दोन गोष्टींच्या मधली. आता पिल्लं मोठ्या टाकीतच, जाळीच्या डब्यात ठेवते. डब्यात हवेचा दगड मंद चालू. खाली सोसायटीच्या आवारात गळलेलं देशी बदामाचं पान आधी आठवडाभर पाण्यात मुरवून टाकते. त्यावर जो बुळबुळीत थर धरतो तो पिल्लं दिवसभर खरवडतात. पाणी चहासारखं होतं, होऊ दे. उकडलेली दोडक्याची फोड किंवा पालकाचं पान चार तासांनी बाहेर. काकडीवर ती तुटून पडतात, पण काकडीत पाण्याशिवाय आहे काय? आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवांची अंडी बाटलीत मिठाच्या पाण्यात, खाली हवा सोडून, दिवस-दीड दिवसात फुटतात. त्यातून निघालेले जीव गाळून ड्रॉपरने सकाळ-संध्याकाळ द्यायचे. रात्री पिचकारीच्या नळीने तळाची घाण ओढायची आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी हळूहळू सोडायचं.

भूक भागली का, हे विचारावं लागत नाही. पिल्लं तोंडाने काचेला चिकटतात, तेव्हा बाहेरून त्यांचं पोट दिसतं. आर्टेमिया खाल्लेलं पोट नारिंगी आणि गोल. खपाटीला गेलेलं दिसलं की त्याच तासाला खायला द्यायचं. उद्यापर्यंत ते थांबत नाही. मी दिवसातून चार वेळा टॉर्च घेऊन पोटं मोजते. दिवे गेले तर बॅटरीवरचा पंप हाताशी लागतो. या पिल्लांना कोंडलेलं पाणी सोसत नाही.

तिसऱ्या खेपेची एक्केचाळीस जगली. तीन महिन्यांत बोटाच्या दोन पेरांएवढी झाली, आणि तोवर बाप पुन्हा नळीत. दुकानदार दहाच्या वर घेत नाही, ओळखीपाळखीच्या टाक्याही भरतात. अशा वेळी कुणी तरी हमखास सुचवतं, "तळ्यात सोडून द्या, पुण्य लागेल." तसं करू नका. बाहेरून आलेले मोठे सकर असेच कुणाकुणाच्या टाकीतून सुटून आपल्या पाण्यात पोचले, आणि उजनीचे मच्छीमार आज त्यांच्यापासून जाळी सोडवत बसतात. जागा नसेल तर नळी काढून ठेवा.