‘ऱ्होडेशिया’चे ‘झिम्बाब्वे’ कसे झाले?

घरात शाळेत जाणारी मुले असली की नकाशाचे पुस्तक असतेच. त्यातली देशांची नावे मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पण ही नावे कोणी ठेवली, असे सहसा कोणी विचारत नाही. आमच्या वाचकांनी ते जरूर विचारावे. कारण आपले नाव दुसऱ्याने ठेवले, की आपली जागाही तोच ठरवतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण भागातील एका देशाची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

सेसिल ऱ्होड्स हा इंग्रज हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेला. त्याच्या कंपनीने 1889 मध्ये इंग्लंडच्या राणीकडून सनद मिळवली आणि 1890 मध्ये हत्यारबंद गोऱ्यांची तुकडी शोना लोकांच्या मुलखात घुसवली. पुढे 1893 मध्ये एनडेबेले लोकांचा राजा लोबेंगुला याचे राज्यही युद्ध करून घेतले. मग 1895 मध्ये या साऱ्या मुलखाला नाव दिले ‘ऱ्होडेशिया’, म्हणजे ऱ्होड्सचा देश! लाखो माणसे पिढ्यान्‌पिढ्या जिथे नांदत होती, तो मुलूख एका व्यापाऱ्याच्या नावावर चढला. नावामागोमाग जमीनही गेली. 1930 च्या कायद्याने जवळपास निम्मी जमीन मूठभर गोऱ्यांसाठी राखून ठेवली गेली. काळ्या माणसाला तिथे जमीन विकत घेण्याचीही बंदी झाली.

याच देशात दगडी बांधकामाचे प्रचंड अवशेष उभे आहेत. एक गोलाकार तट तर सुमारे अडीचशे मीटर लांबीचा आणि काही ठिकाणी अकरा मीटर उंच आहे. चुना नाही, गारा नाही, नुसते ग्रॅनाइटचे दगड घडवून एकावर एक रचलेले. अकराव्या ते पंधराव्या शतकाच्या दरम्यान शोना लोकांच्या पूर्वजांनी हे नगर वसवले. शोना भाषेत दगडी घरांना जो शब्द आहे, त्यावरून त्याला ‘झिम्बाब्वे’ म्हणतात.

पण हे काळ्या माणसाचे काम आहे असे मान्य केले, तर ‘आम्ही रानटी लोकांना सुधारायला आलो’ ही गोऱ्यांची बतावणी कशी टिकावी? 1871 मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तेथे पोचला. लाकडाच्या एका ढलपीवरून त्याने ठरवले, की हे शेबाच्या राणीचे काम! पुढे कोणी फिनिशियन लोकांचे नाव घेतले, कोणी अरबांचे. 1905 मध्ये रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या विदुषीने उत्खनन करून हे काम आफ्रिकी लोकांचेच असल्याचे दाखवून दिले. तरी गोऱ्या सत्ताधाऱ्यांना ते पचले नाही. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाने खरे तेच लिहिले म्हणून त्याच्यावर दडपण आले आणि 1970 मध्ये त्याला देश सोडावा लागला. हात राबले एकाचे आणि श्रेय दुसऱ्याला, ही रीत जगात सगळीकडे सारखीच!

म्हणूनच स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांनी या दगडांचे नाव आपल्या देशासाठी निवडले. 1979 मध्ये सत्ताधाऱ्यांनी एक युक्ती करून पाहिली. देशाला ‘झिम्बाब्वे ऱ्होडेशिया’ असे जोडनाव दिले आणि पंतप्रधानही काळा नेमला. पण संसदेतील शंभरपैकी अठ्ठावीस जागा गोऱ्यांना राखीव आणि सैन्य, पोलीस, न्यायालये त्यांच्याच मुठीत. लढणारे नावाला भुलले नाहीत. अखेर 18 एप्रिल 1980 रोजी झिम्बाब्वे स्वतंत्र झाला. त्या जुन्या नगरात सापडलेल्या दगडी पक्ष्याचे चित्र राष्ट्रध्वजावर आले.

गोष्ट येथे संपवली तर ऐकायला गोड वाटेल. पण ती अर्धीच होईल. नवे नाव शोना भाषेतले, बहुसंख्याकांच्या इतिहासातले. दक्षिण-पश्चिमेकडील एनडेबेले लोकही त्याच गुलामीत भरडले होते, तेही लढले होते. परंतु 1983 पासून नव्या सरकारच्याच सैन्याने त्यांच्या मुलखात हजारो निरपराध माणसे मारली. 1987 च्या अखेरीस दोन्ही पक्षांत समझोता झाला, तोवर कितीतरी घरे उजाड झाली होती. नाव स्वतःचे झाले, पण त्या नावाखाली सगळे मावले नाहीत.

येथे आम्हाला बाबासाहेबांचे 25 नोव्हेंबर 1949 चे घटना समितीतील भाषण आठवते. एके काळी काही पुढाऱ्यांना ‘भारतातील लोक’ हे शब्द खपत नसत, त्यांना ‘भारतीय राष्ट्र’ हवे असे, ही आठवण सांगून बाबासाहेबांनी विचारले होते, की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील? बंधुत्वावाचून राष्ट्र नाही, ही त्यांची शिकवण कोणत्याही देशाला लागू आहे.

झिम्बाब्वेने 2013 च्या राज्यघटनेत सोळा भाषांना अधिकृत मान्यता दिली. शोना आणि एनडेबेले तर त्यात आहेतच, पण लहान समाजांच्या भाषा आहेत आणि मुक्या-बहिऱ्या माणसांची खुणांची भाषाही आहे. कागदावरचे सगळे रोजच्या व्यवहारात उतरते असे नाही, हे आपण जाणतोच. तरीही देशाच्या नावात ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांना देशाच्या कायद्यात जागा देणे, ही वाट बरोबर आहे.

तेव्हा मुले नकाशा घेऊन बसली की त्यांना दोन प्रश्न विचारायला लावा. या देशाचे नाव कोणी ठेवले? आणि त्या नावाखाली कोण कोण मानाने जगते? पहिल्याचे उत्तर पुस्तकात सापडेल. दुसऱ्याचे मात्र त्या देशातल्या शेवटच्या माणसाला विचारावे लागेल.